कपाचा कान

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने वाचतोय, लिहिलं मात्र कधी नाही. एक तर माझा या गोष्टींवर विश्वास नाही. दुसरं म्हणजे माझ्याकडे जे आहे त्यात पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, पिंपळ नाही, गाडीला आडवी येणारी बाईसुद्धा नाही. एक चहाचा कप आहे, तोही रिकामा. अंगावर काटा यावा म्हणून वाचणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, मी मनावर घेणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो, कारण या प्रकरणात बघणारा कोण होता याला थोडं महत्त्व आहे. मी परब. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज काढण्यात सगळी नोकरी गेली — आधी बोर्डवर, मग कॉम्प्युटरवर. आमच्या धंद्यात रेघ केसभर सरकली तरी पार्ट बसत नाही, आणि मग सुपरवायझर कागद नाचवत येतो. त्यामुळे ‘मला असं वाटलं’, ‘मला भास झाला’ असल्या वाक्यांशी माझं कधी जमलं नाही. गावी कोणाच्या अंगात यायला लागलं की मी उठून अंगणात जाऊन बसायचो.

निवृत्त झाल्यावर आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये करायचं काय, म्हणून पेन्सिलीने वस्तुचित्रं काढायला लागलो. रंग नाहीत, नुसती शिसपेन्सिल. समोर एखादी वस्तू ठेवायची, एकाच बाजूने उजेड घ्यायचा आणि दिसेल तसं काढायचं. कांदा, लोटी, वांगं, बायकोचा चष्मा… यात नियम एकच — माहीत असतं ते काढायचं नाही, दिसतं ते काढायचं. कपाचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून नवशिका गोल काढतो. दिसत असतो लंबगोल. निम्म्या चुका इथेच होतात. बायको म्हणते, “तुमचं चित्र होईपर्यंत वांग्याला सुरकुत्या पडतात. मग भाजी कशाची करू?” तिचं काही खोटं नाही.

आता इनासबद्दल. इनास माझा कारखान्यातला मित्र, गिरीजचा. घराभोवती केळीची वाडी, चार नारळ, मागे विहीर. तो प्रेस मशीनवर होता. तरुणपणीच एकदा उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. तेव्हापासून लिहिणं, जेवणं, कोयता चालवणं, सगळं डाव्या हाताने. त्याची बायको रेजिना पाचूबंदरची, मासळीवाल्यांच्या घरातली. बोलायला एकदम मोकळी. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला परबभावजी. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते दोघं घरी आले की मी कधीमधी टपकायचो. मागच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चहा व्हायचा आणि वहिनी आम्हा दोघांची यथेच्छ टर उडवायची.

शेवटच्या दोनेक वर्षांत तिची आठवण जायला लागली. आधी गॅस बंद करायचं विसरायची, मग वार, मग माणसं. मुलगी स्टेफी पुण्याला असते, तिला आधी विसरली. मग इनासला. घरात तो समोर आला की म्हणायची, “तुमी कोन? बसा ना, मालक येतीलच आता.” आणि हा बसायचा. आपल्याच घरात, मालकाची वाट बघत. हे तो मला हसत हसत सांगायचा, आणि मला हसता येत नसे.

ती गेली जानेवारीत, तीन राजांच्या सणाच्या आसपास, सकाळची. “पाहुनं येनार हाय,” म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी आपल्या हाताने ट्रे मांडला. कप, बशी, चमचा, साखरेचा डबा. टेबलावर नीट ठेवला. मग गॅसपाशी जायच्या आधी जरा खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही. चहा व्हायचा राहिला.

इनासने तो ट्रे हलवला नाही. मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली, पुढच्या पडवीत शेगडी मांडली आणि तिथेच रांधून खायला लागला. त्या खोलीत तो पुन्हा गेलाच नाही. फक्त स्टेफी एकदा जाऊन आली.

मे महिन्यात त्याचा फोन आला.

“परब, एक काम हाय. स्टेफी पावसाच्या आधी मागची खोली पाडून नवी बांधायची म्हणते. छप्पर गळतंय. ट्रे उचलावा लागेल. त्याच्याआधी तू तो मला काढून दे.”

“अरे, मोबाईलवर फोटो काढ की.”

“स्टेफीने काढलाय. फोटोला कितीसा वेळ लागतो? मला असं पाहिजे की कोणीतरी त्याच्यासमोर बसला, त्याला नीट बघितला. तू कांद्यासमोर सकाळच्या सकाळ घालवतोस. हिच्यासाठी बस.”

मी बरं म्हटलं. फोन ठेवेल असं वाटलं, पण त्याने ठेवला नाही.

“आणि जसा हाय तसा काढ. सुधारायला जाऊ नको.” मग त्याचा आवाज उतरला. “घरात त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं, परब. मीच होतो. म्हणजे तो पाहुणा मीच. इतकी वर्षं संसार केला, आणि शेवटी पाहुणा म्हणून चहा मांडून गेली. तेवढं एक मनातून जात नाय.”

“आजार होता तो इनास.”

“हो. डॉक्टर पण तेच बोलले.”

तर असं होतं. मला चित्र काढायचं होतं आणि त्याला त्या चित्रात स्वतःची जागा काय होती ते बघत उरलेलं आयुष्य काढायचं होतं. मला हे काम मनापासून नको होतं. पण नाही कसं म्हणणार?

स्कूटर काढली, पूल ओलांडून निर्मळच्या रस्त्याला लागलो आणि सकाळीच गिरीजला पोचलो. इनासने कडी काढून दिली आणि पडवीत परत गेला. “मी आत येत नाय. तू बस.”

खोली लहान. डाव्या हाताला पूर्वेची खिडकी, काचा बंद. भिंतीला टेकून टेबल. ट्रे ज्या खुर्चीसमोर मांडला होता ती इनासची नेहमीची खुर्ची, हे मला माहीत होतं. तीच जराशी मागे ओढली आणि तिथे बसलो. खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच जागा मिळते. डोकं दोन इंच हललं तरी सगळी मापं बदलतात. पंखा लावला नाही, कारण धूळ उडाली असती. ट्रेवर चांगली चार महिन्यांची धूळ होती, आणि जसा आहे तसा म्हणजे धुळीसकट.

एक डोळा मिटून, हात ताठ धरून, पेन्सिलीने मापं घेतली. पांढरा साधा कप, बशीत. कपाचा कान उजवीकडे, अगदी सरळ उजवीकडे. चमचा बशीच्या कडेला. मागे साखरेचा डबा. एचबी पेन्सिलीने हलकी आखणी केली. उजेड डावीकडून, त्यामुळे कान सावलीत होता आणि कानाची सावली बशीवरून ट्रेवर उतरत होती. ती सावली मला फार आवडली, हे कबूल करतो. उन्हाचा कोन बदलला तसा उठलो.

पुढच्या सकाळी बसलो आणि लगेच लक्षात आलं की कान चुकलाय. कागदावर तो सरळ उजवीकडे, समोर मात्र जरासा माझ्याकडे वळलेला. कपाच्या कानासारखी फसवी वस्तू नाही. कान बाजूला असतो हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात आपोआप बाजूला काढतो. म्हटलं, परब, इतक्या वर्षांनी नवशिक्याची चूक केलीत. खडूच्या खुणा तपासल्या, खुर्ची बरोबर होती. डबा, चमचा, बशी — सगळी मापं कागदाशी जुळत होती. एकटा कान तेवढा चुकला होता. मऊ खोडरबराने तो टिपून काढला आणि दिसतो तसा पुन्हा काढला.

त्यानंतर रविवार आला, मग सोमवारी गेलो. कान थेट माझ्याकडे होता. म्हणजे कपाच्या पोटासमोर, नाकासारखा.

घाबरलो असं म्हणणार नाही. चिडलो. समोर आलेला कान काढायला सगळ्यात अवघड, आणि माझी सुंदर सावली गेलेली. पडवीत जाऊन इनासला सहज विचारल्यासारखं विचारलं, “मांजर येतं काय रे आत?”

“काचा बंद, कडी बंद. कुठून येणार? का? काय पाडलं काय?”

“नाही रे. असंच.”

त्याला सांगितलं नाही. त्या ट्रेला कोणी बोट लावलं म्हटल्यावर त्याचं काय झालं असतं सांगता येत नाही. आत आलो आणि चित्र बाजूला ठेवून नुसता बघत बसलो. नोकरीत ड्रॉइंग आणि पार्ट जुळला नाही की दोन्ही तपासायची सवय असते.

पहिलं, धूळ. कोणी कप फिरवला असता तर कानावर बोटं उमटली असती. कानावरची धूळ सलग होती. दुसरं, बशी. बशीच्या उजव्या कडेला एक फिकट पट्टा होता, आजूबाजूपेक्षा कमी धुळीचा. एवढे महिने कान त्याच्यावर होता म्हणून तिथे धूळ कमी बसली होती. म्हणजे कान आधी उजवीकडेच होता. माझी पहिली रेघ बरोबर होती. नंतर स्टेफीकडून तिने काढलेला फोटोही मागवून घेतला. त्यातही कान उजवीकडे.

तिसरं, पंप. विहिरीवरचा पंप सुरू झाला की खोलीची जमीन थोडी थरथरते. मला वाटलं, सापडलं. इनासकडूनच दुसरी कपबशी मागून घेतली, त्याच टेबलावर बाजूला ठेवली आणि त्याला वाडीला पाणी सोडायला सांगितलं. वाडीचं शिंपण होईपर्यंत डोळे लावून बसलो. माझा कप हलला नाही. ट्रेमधलाही हलला नाही. निघताना चित्रकलेच्या सामानातली कागदी चिकटपट्टी दारावर आणि चौकटीवर मिळून चिकटवली, खाली, सहज दिसणार नाही अशी. इनासवर संशय घेतला, होय. दुःखात माणूस झोपेतही उठून काय करेल सांगता येत नाही.

दुसऱ्या सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. कान डावीकडे गेला होता. सरळ डावीकडे, खिडकीच्या उजेडात. धूळ तशीच, बोट नाही.

त्या दिवशी काहीच न काढता घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने कूकर बंद केला आणि शांतपणे म्हणाली, “ज्याने काढायला सांगितलंय त्याला काय हवंय?”

“तिने मांडला होता तसा.”

“मग उजवीकडे काढा आणि मोकळे व्हा. पहिली रेघ आहेच तुमची.”

तिचं बरोबर होतं. फोटो होता, माप होतं, उजवीकडे काढणं हीच इमानदारी होती. हात लावून कप पूर्ववत करणं तर त्याहून सोपं. पण मी रात्री कूस बदलत राहिलो. उजवीकडे काढायचा म्हणजे माहीत आहे ते काढायचं, दिसतं ते नाही. तेवढ्यासाठी तर मी नवशिक्यांना हसतो. आणि दिसतं ते काढलं, तर इनास विचारणार, हा तिने मांडलेला ट्रे नाय, कोणी हात लावला? मग मी काय सांगणार होतो? मित्र गेला असता माझा.

शेवटी दिसत होतं तेच काढलं. त्यानंतर मी चित्र पुरं होईपर्यंत जात राहिलो आणि कान पुन्हा हलला नाही. मग गडद पेन्सिली, टू-बी, फोर-बी, आणि अगदी शेवटी सिक्स-बीने डब्यामागचा काळोख. बशीवरचा फिकट पट्टा उजवीकडे होता, तोही काढला. रिकामा पट्टा, ज्याच्यावर आता काही नाही. कानाच्या आधीच्या रेघा पुसल्या होत्या, पण पेन्सिल कागदात दबलेली. तिरक्या उजेडात बघितलं की जुने कान फिकट दिसत होते.

चित्र घेऊन पडवीत आलो. इनास शेगडीपुढे मिरच्या निवडत होता. मी आधीच बोलून टाकायचं ठरवलं होतं. “हे बघ इनास, मी कशाला हात लावलेला नाही. आधी पूर्ण बघ, मग काय बोलायचं ते बोल.”

त्याने डावा हात शर्टाला पुसला आणि कागद घेतला. मग विचारलं, “कान इकडे कसा काढलास?”

“दिसतोय तसा काढलाय.”

“कपाळ तुझं! उजवीकडे होता. मी बघितलाय. कडी घालताना शेवटचं तेच बघितलं मी!”

“माहीत आहे. मी पण आधी उजवीकडेच काढला होता. तिरका धर, दिसेल.”

त्याने तिरका धरला. मग तो उठला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत गेला. मी मागून गेलो. टेबलापासून हातभर लांब तो उभा राहिला, त्याच्या खुर्चीच्या मागे. मला वाटलं आता ओरडेल. पण तो खुर्ची धरून तिच्यात बसला आणि हळू आवाजात बोलायला लागला, माझ्याशी की कोणाशी कळेना.

“बोटं गेल्यावर पहिल्या दिवशी इस्पितळातून घरी आलो ना, तेव्हापासून तिने माझ्या कपाचा कान कधी उजवीकडे ठेवला नाय. एकदाही नाय. बोलली पण नाय कधी. नुसता फिरवून ठेवायची. पाहुण्यांना उजवीकडे, मला डावीकडे. मग आजारात एक दिवस उजवीकडे ठेवला. तेव्हा मला कळलं की मी गेलो तिच्यातून. नाव विसरली त्याचं काय नाय वाटलं रे, पण तो कान…”

इतकी वर्षं मी त्या टेबलाशी चहा प्यायलो. बारीक बघण्याचा एवढा गर्व, पण समोरच्या माणसाच्या कपाचा कान उलट्या बाजूला असतो हे मला कधी दिसलं नव्हतं. मला तिथे रडू आलं. लिहायला काही हरकत नाही.

इनासने हात पुढे केला आणि कप उचलला. चार महिने ज्याला कोणाला बोट लावू दिलं नव्हतं, तो सरळ उचलला. डाव्या हाताने. हात जराही वळवावा लागला नाही. मोरीत नेऊन धुतला, पडवीत शेगडीवर आधण ठेवलं आणि आम्ही तिथेच चहा प्यायलो. मला त्याने दुसरा कप दिला, कान उजवीकडे करून.

ती खोली आता पाडून झाली आहे, नवीन बांधकाम चालू आहे. चित्र पुढच्या खोलीत आल्ताराच्या, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्याच्या, बाजूला लावलंय. पुसलेले कान आणखी साफ करून देऊ का म्हटलं तर इनास म्हणाला, “सुधारू नको म्हटलं होतं ना तुला?”

खुलासा माझ्याकडे नाही. धूळ कशी मोडली नाही ते सांगता येत नाही, आणि चिकटपट्टीचंही नाही. मला अजून वाटतं की काहीतरी साधं कारण असणार, कुठलीतरी थरथर, जी माझ्या चाचणीत निसटली. इनासला मी तसं म्हणूनही बघितलं. पंपाची गोष्ट सगळी समजावून सांगितली, कंपन, बशीचा उतार, गुळगुळीत चिनीमाती. त्याने मन लावून ऐकून घेतलं. डाव्या हाताचं बोट कपाच्या कानात होतं.

“असंल,” तो म्हणाला. “पण परब, पंपाला काय माहीत माझा हात कुठला?”